सोसायटीचे ॲनालॉग कॅमेरे आयपीवर नेताना

आठ-दहा वर्षांपूर्वी बसवलेले ॲनालॉग कॅमेरे अनेक सोसायट्यांमध्ये अजून चालू आहेत. चालू म्हणजे ऑफिसातल्या टीव्हीवर चित्र दिसतं, एवढंच. पार्किंगमधून सायकल जाते, फुटेज काढलं जातं, त्यात एक करडी आकृती गेटबाहेर पडताना दिसते आणि ती कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये आयपी कॅमेरे, म्हणजे संगणकासारखे नेटवर्कवर चालणारे कॅमेरे, लावायचं ठरतं, तीन कोटेशनं येतात आणि सगळी समिती मेगापिक्सेलची तुलना करत बसते.

माझं आग्रहाचं सांगणं आहे की कॅमेऱ्याचं मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवा. कोणत्या कॅमेऱ्याने उद्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, हे आधी कागदावर लिहा. त्यानंतर केबल, स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे एकत्र येतात तो नेटवर्कचा डबा) आणि डिस्क. हा क्रम पाळला तर त्याच पैशात दुप्पट उपयोगाचं काम होतं. उलट्या क्रमाने गेलात तर महागड्या कॅमेऱ्यातही तीच करडी आकृती दिसेल, फक्त जरा मोठी.

दोन्ही व्यवस्थांमधला फरक

जुन्या व्यवस्थेत प्रत्येक कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत, म्हणजे रेकॉर्डरपर्यंत, स्वतंत्र कोॲक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी गोल केबल) जाते आणि तिच्याच सोबत वीज नेणाऱ्या बारीक तारा असतात. वायरमन तिला 'थ्री प्लस वन' म्हणतात. कॅमेरा नुसता सिग्नल पाठवतो, त्याचं डिजिटल रेकॉर्डिंग डीव्हीआर करतो. आयपी कॅमेरा हे काम स्वतःच्या पोटातच उरकतो आणि तयार डेटा नेटवर्कवर सोडतो. एनव्हीआरकडे, म्हणजे नेटवर्कवरच्या रेकॉर्डरकडे, तो साठवायचं आणि दाखवायचं काम उरतं. थोडक्यात, आयपी कॅमेरा हा लेन्स बसवलेला संगणक आहे. त्याला नेटवर्कवरचा पत्ता असतो, पासवर्ड असतो, सॉफ्टवेअर असतं, आणि संगणकाची घ्यावी लागते ती सगळी काळजी त्याचीही घ्यावी लागते. स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९६ मध्ये असा पहिला कॅमेरा बाजारात आणला, म्हणजे तंत्र काही नवं नाही.

या दोहोंच्या मध्ये एचडी ॲनालॉग आहे. कोटेशनमध्ये ते टीव्हीआय, सीव्हीआय किंवा एएचडी अशा नावांनी येतं. जुनी कोॲक्स तशीच ठेवून त्यावर २ मेगापिक्सेल किंवा त्याहून जास्तीचं चित्र मिळतं. एकच छोटी इमारत, चार-सहा कॅमेरे आणि केबल धडधाकट असेल तर एवढ्यावर भागतं. तिथे उगाच आयपीचा खर्च करू नये. मात्र दोन-तीन विंग असतील, लांबचं गेट असेल, पुढे कॅमेरे वाढणार असतील किंवा केबलच कुजली असेल, तर आयपीच घ्या.

पहिली पायरी: रात्रीची पाहणी

कॉन्ट्रॅक्टर दिवसा येतात आणि दिवसाचं चित्र दाखवतात. तुम्ही मात्र रात्री साडेअकराला डीव्हीआरसमोर बसा आणि एकेक कॅमेरा पूर्ण स्क्रीनवर बघा. कुठे चित्र थरथरतंय, कुठे आडव्या पट्ट्या सरकतायत, कुठला कॅमेरा मधूनच बंद होऊन पुन्हा चालू होतोय, हे टिपून ठेवा. शेवटचा आजार फार आढळतो. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात, कॅमेरा जास्त करंट ओढतो आणि लांबच्या बारीक तारेत १२ व्होल्टमधले दोन-तीन व्होल्ट वाटेतच जातात. अशा वेळी कॅमेरा बदलून काहीच साधत नाही.

सोसायटीचा नकाशा हाताने काढला तरी चालतो. प्रत्येक कॅमेऱ्याची जागा, डीव्हीआर, मीटर रूम, डक्ट आणि केबलचा खरा मार्ग त्यावर दाखवा. डीव्हीआरच्या मागचं मॉडेल लिहून घ्या. बरेच अलीकडचे रेकॉर्डर, ज्यांना दुकानदार एक्सव्हीआर म्हणतात, ॲनालॉगसोबत काही आयपी कॅमेरेही घेतात. तसा निघाला तर बदल टप्प्याटप्प्याने करता येतो आणि पहिल्या वर्षीचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो.

दुसरी पायरी: प्रत्येक कॅमेऱ्याला एक प्रश्न

'पार्किंग दिसलं पाहिजे' हे पुरेसं नाही. कोणीतरी आहे एवढं कळायला हवं, आपल्याच माणसाला ओळखता यायला हवं, की अनोळखी माणसाचा चेहरा पोलिसांना दाखवता यायला हवा? हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गणितंही वेगळी आहेत. आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी आकडे दिलेले आहेत. दृश्याच्या एक मीटर रुंदीत २५ पिक्सेल असतील तर माणसाची हालचाल कळते, १२५ असतील तर ओळखीचा माणूस ओळखता येतो आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० लागतात.

आता आपल्या गेटवर हिशेब करू. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. ५ मीटर रुंदीच्या गेटवर तो रोखला तर मीटरला ३८४ पिक्सेल मिळतात, चेहरा स्वच्छ येतो. तोच कॅमेरा २० मीटर रुंद आवारावर लावला तर मीटरला ९६ पिक्सेल उरतात, ओळखीचा माणूससुद्धा खात्रीने सांगता येत नाही. २५६० पिक्सेल रुंदीचा ४ मेगापिक्सेल कॅमेरा घेतला तर तिथे १२८ मिळतात आणि जेमतेम भागतं. कागदावर हा भागाकार पाच मिनिटांत होतो, तरी तो मांडलेलं कोटेशन क्वचितच बघायला मिळतं. तुम्ही मागा.

लेन्सही यावरूनच ठरते. २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंशांपर्यंत पाहते. लॉबी, लिफ्टसमोरची जागा यांना ती योग्य. लांबच्या गेटला ६ मिलिमीटर किंवा फोकस बदलता येणारी लेन्स बरी. सगळीकडे २.८ लावून दिलेल्या सोसायट्यांमध्ये सगळं दिसतं आणि कोणीच ओळखू येत नाही.

नंबर प्लेटचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर जरा थांबू. रात्री गाडी गेटवर येते, हेडलाइटचा झोत कॅमेऱ्यावर पडतो आणि चित्रात दोन पांढरे गोळे उरतात. एचएसआरपी प्लेट प्रकाश परतवणारी असल्यामुळे कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडनेच ती पांढरीफट होते आणि अक्षरं पुसली जातात. इथे मेगापिक्सेल वाढवून काही होत नाही. प्लेटसाठी वेगळा कॅमेरा लावा, तो कमी उंचीवर आणि गाडीच्या रेषेच्या शक्य तितका जवळ ठेवा, लेन्स झूम करून दृश्य फक्त एका गाडीच्या रुंदीएवढं करा आणि शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागावर किंवा त्याहून जलद बांधा. आजूबाजूचं चित्र काळं दिसेल. दिसू दे, चेहऱ्यासाठी दुसरा कॅमेरा आहेच. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं करून घ्यायचा हट्ट धरला की एकही धड होत नाही.

तिसरी पायरी: केबल

आयपी कॅमेऱ्याला कॅट सिक्स केबल लागते आणि तिच्यातूनच वीजही जाते. या पद्धतीला पीओई म्हणतात. कॅमेऱ्याजवळ प्लग नको, एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा नको. शिवाय वीज ४८ व्होल्टच्या आसपास जात असल्याने रात्री व्होल्टेज पडून कॅमेरा बंद होण्याचा त्रासही संपतो.

स्विच ते कॅमेरा मर्यादा १०० मीटर. हे अंतर नकाशावरचं सरळ धरू नका, केबल जशी फिरत जाते तसं मोजा. सातव्या मजल्याच्या गच्चीवरून खाली येऊन कंपाउंडच्या कडेने गेटपर्यंत गेलेली केबल १०० मीटर कधी ओलांडते ते कळत नाही. तसं असेल तर मध्ये स्विच ठेवा किंवा फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाका. दोन वेगळ्या इमारतींमध्ये तर मी नेहमी फायबरच सुचवतो, कारण पावसाळ्यात वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून आलेला झटका एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीतल्या उपकरणांपर्यंत पोहोचतो. काचेतून तो जात नाही.

केबलमध्ये होणारी फसवणूक ओळखायला शिका. स्वस्त बॉक्समध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर तो बॉक्स परत पाठवा. अशा तारेत वीज जास्त वाया जाते, ती वाकवली की तुटते आणि दोन पावसाळ्यांत कनेक्टरपाशी दगा देते. कोटेशनवर 'शुद्ध तांबं' हे शब्द आणि केबलची कंपनी लिहून घ्या. उघड्यावर जाणाऱ्या केबलचं आवरण उन्हात टिकणारं हवं.

कॅमेऱ्याच्या मागचं कनेक्शन ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. कॅमेऱ्यातून वीतभर शेपटी निघते, तिच्या टोकाला केबल जोडायची असते. घाईतला माणूस हा जोड भिंतीवर तसाच लटकत सोडतो किंवा काळी टेप गुंडाळतो. पहिल्या पावसाळ्यानंतर तो उघडून पाहा, आठ पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर असतो. प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्याला जंक्शन बॉक्स घ्या, जोड बॉक्सच्या आत ठेवा आणि केबल खालून वर बॉक्समध्ये शिरेल अशी वळवा, म्हणजे पाणी वळणावरून गळून जातं.

जुनी कोॲक्स भिंतीत पक्की असेल आणि नवी केबल ओढायला जागाच नसेल, तर कोॲक्सवरून नेटवर्क नेणारे ॲडॉप्टर मिळतात. एखाद-दुसऱ्या अडलेल्या जागेला ते घ्या, सगळी व्यवस्था त्यावर उभी करू नका.

चौथी पायरी: स्विच, एनव्हीआर, डिस्क

पीओई स्विच घेताना दोन आकडे बघायचे. प्रमाणित ८०२.३एएफ पोर्ट १५.४ वॉटपर्यंत वीज देतो, ८०२.३एटी ३० वॉटपर्यंत. साध्या बुलेट किंवा डोम कॅमेऱ्याला पहिला पुरतो. दुसरा आकडा सगळ्या पोर्टचा मिळून. आठ कॅमेरे रात्री प्रत्येकी ८ वॉट घेत असतील तर ६४ वॉट झाले. ६० वॉटचा स्विच दिवसभर नीट चालेल आणि अंधार पडला की एक-दोन कॅमेरे टाकेल. किमान तिसरा हिस्सा वाव ठेवा. 'पॅसिव्ह पीओई' लिहिलेले स्वस्त स्विच टाळा. ते समोर काय जोडलंय हे न तपासताच वीज सोडतात.

कॅमेरा आणि एनव्हीआर वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तर दोघांनाही ओन्व्हिफ हे सामायिक मानक समजतं का ते बघा. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं. त्यामुळे चित्र आणि रेकॉर्डिंग जमतं, पण माणूस-गाडी ओळखण्यासारख्या खास सोयी दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर चालतीलच असं नाही. नवख्यांनी सुरुवातीला दोन्ही एकाच कंपनीचे घ्यावेत.

डिस्कचा हिशेब सोपा आहे. २ मेगापिक्सेल, सेकंदाला १५ फ्रेम आणि एच.२६५ कॉम्प्रेशन (व्हिडिओ आटवून लहान करायची पद्धत) असेल तर साधारण २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट, धरा. एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी होतात. १६ कॅमेरे, ३० दिवस म्हणजे सुमारे १०.४ टीबी. कोटेशनमध्ये '१६ कॅमेरे, ४ टीबी, ३० दिवस बॅकअप' लिहिलेलं दिसलं तर हा गुणाकार समोर ठेवा. उत्तर येईल की हालचाल झाली तरच रेकॉर्ड होतं. बरोबर आहे, पण पावसाच्या धारा आणि हलणारं झाड हीसुद्धा कॅमेऱ्याला हालचालच वाटते, आणि जुलैत ३० दिवसांचे १२ होतात. डिस्क पाळतीच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेली घ्या. साध्या संगणकाची डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी नसते. स्विच आणि एनव्हीआर एकाच यूपीएसवर ठेवले की वीज गेल्यावरही सगळे कॅमेरे चालू राहतात. पीओईचा हा मला सगळ्यात आवडणारा फायदा.

पाचवी पायरी: पासवर्ड आणि इंटरनेट

२०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी काही अफाट हुशारी लागली नव्हती. कारखान्यातून येणारे साठेक युजरनेम-पासवर्ड ते एकामागून एक वापरून बघत होतं, कारण लोकांनी ते बदललेच नव्हते. त्या ऑक्टोबरमध्ये अशाच उपकरणांच्या फौजेने वेबसाइटच्या नावावरून तिचा नेटवर्क पत्ता शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास कोलमडल्या. ॲनालॉग कॅमेरा असा वापरता येत नव्हता. आयपीवर जाताना ही जबाबदारी सोबत येते.

करायचं ते असं. कॅमेरे सोसायटी ऑफिसच्या वायफाय राउटरला जोडू नका. त्यांचा स्विच वेगळा ठेवा. मागे पीओई पोर्ट असलेला एनव्हीआर घेतला तर कॅमेरे आपोआपच त्याच्या आतल्या नेटवर्कवर राहतात आणि इंटरनेटला फक्त एनव्हीआर लागतो. एनव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड लांब ठेवा, बंद पाकिटात सेक्रेटरींकडे द्या, आणि समिती बदलली किंवा एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) बदलला की पासवर्डही बदला. वॉचमनसाठी फक्त बघायचा अधिकार असलेला वेगळा युजर काढा. मोबाइलवर बघण्यासाठी कंपनीचं क्यूआर कोडवालं ॲप पुरतं. राउटरवर पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट करून, देणाऱ्या माणसाला थांबवा, आणि अशी वाट आपोआप उघडणारी यूपीएनपी ही सोय बंद ठेवायला सांगा. वर्षातून दोनदा फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करणं एएमसीच्या कागदावर असू द्या.

खरेदीतही एक गोष्ट बघा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ च्या आदेशाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या कसोट्या सक्तीच्या केल्या आणि त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. 'जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडून त्या मॉडेलचा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक आणि चाचणीचं प्रमाणपत्र मागा.

घड्याळ विसरू नका. एनव्हीआरला एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याच्या सोयीने, वेळ मिळवायला लावा आणि कॅमेऱ्यांना एनव्हीआरकडून. फुटेजवरची वेळ सतरा मिनिटं पुढे असेल तर चोरीच्या वेळी गेटवर कोण होतं, यावर नुसता वाद होतो.

सहावी पायरी: बसवणं आणि लोकांची खासगी बाजू

कॅमेरे टांगून झाले की कामगारांना त्याच संध्याकाळी सोडू नका. अंधारात एकाला गेटवरून चालवा आणि स्क्रीनवर त्याचा चेहरा ओळखू येतो का बघा. डोमच्या काचेला छताचा कोपरा जवळ असेल तर इन्फ्रारेड परत फिरून चित्र धुरकट होतं. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळ्याचा एक धागा रात्री सगळ्या स्क्रीनवर पांढरा नाचतो. महिन्याला एकदा झाडू फिरवणं हा देखभालीचाच भाग आहे. सोसायटीतल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा.

कोणाच्या दारातून घराच्या आत किंवा समोरच्या इमारतीच्या खिडकीत दिसत असेल तर तेवढा भाग काळा करायची सोय बहुतेक आयपी कॅमेऱ्यांत असते. ती वापरा. माइक बंद ठेवा. गेटवर आणि लिफ्टमध्ये 'येथे सीसीटीव्ही सुरू आहे' असा मराठीत फलक लावा. फुटेज कोण बघणार, कोणाला आणि कशावरून देणार, हे सर्वसाधारण सभेत ठरवून इतिवृत्तात घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिप टाकणं सक्तीने बंद ठेवा. ज्या मुलाचा किंवा कामवाल्या मावशींचा चेहरा त्यात असतो, त्यांना स्वतःची बाजू मांडायची संधीच मिळत नाही.

फुटेज पोलिसांना देताना

मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून देऊ नका. एनव्हीआरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा आणि ते फुटेज रेकॉर्डरमध्ये लॉक करा, नाहीतर महिन्याने त्यावर नवं रेकॉर्डिंग चढेल. जालना विधानसभा मतदारसंघातल्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाद उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला का याचा होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ उपकरणच हजर करत नसाल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या शेवटी जोडलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला असा आकडा की फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. फाइल काढल्या दिवशीच हॅश काढून रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, सोबत स्क्रीनवरची वेळ आणि घड्याळातली खरी वेळ.

जुनं कधी काढायचं

नवी व्यवस्था सुरू झाल्यावर जुना डीव्हीआर महिनाभर तसाच चालू ठेवा, निदान गेट आणि पार्किंगचे कॅमेरे तरी. या काळात पंधरा दिवस उलटले की नव्या एनव्हीआरवर दर आठवड्याला कुठल्याही एका कॅमेऱ्याचं पंधरा दिवसांपूर्वीचं फुटेज खरोखर काढून बघा. ठरलेले सगळे दिवस मिळतायत याची खात्री झाली की मगच कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता द्या, आणि त्याआधी त्याच्याकडून केबलचा नकाशा, प्रत्येक कॅमेऱ्याचा नेटवर्क पत्ता आणि वॉरंटीची कागदपत्रं घ्या. नकाशाची एक प्रत रॅकच्या दारावर आतून चिकटवा. जुना डीव्हीआर भंगारवाल्याला देण्याआधी त्यातली डिस्क काढून घ्या. सोसायटीतल्या प्रत्येकाचं जाणं-येणं तिच्यात आहे. एखाद्या प्रकरणात तिची गरज असेल तर सील करून ठेवा, नाहीतर ड्रिलने आरपार भोक पाडूनच बाहेर जाऊ द्या.